मे महिन्यात धुणं कुठं न्यायचं

आत्ती,

गावात कुठलीही सभा झाली की संध्याकाळी तुझा फोन यायचा. तू सभेत नसायचीस, पण कुणाचा आवाज चढला, कोण चिडून उठून गेलं, चहा कुणाच्या वाट्याला आला नाही, हे सगळं तुला माहीत असायचं. परवा पाणीपुरवठा संस्थेची सभा झाली. या वेळी उलटं झालं. सभेत मी होते आणि ऐकायला तू नव्हतीस. परत येताना लोणंदला एसटी थांबली तेव्हा सवयीनं फोन हातात घेतला. "बसायला जागा घावली का गं?" हे तुझं ठरलेलं पहिलं वाक्य. फोन तसाच पिशवीत ठेवला आणि फलटणला घरी येऊन वही काढली.

तुला वाचता येत नव्हतं. कॉलेजात असताना माझ्या वह्या मी तुला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि तू मेथी निवडता निवडता मध्येच म्हणायचीस, "ह्ये खोटं हाय, खोड." तेव्हा हेही मी मोठ्यानं वाचतेय असं समज. खोटं वाटेल तिथं थांबव.

तुझं लग्न कुठं झालं, तुझे मालक, आमचे मामा, फौजेतनं कसे परत आले नाहीत, कडेगावची सून माहेरी भावाकडं कशी आली, हे दहाव्याला बोलणाऱ्यांनी बोलून घेतलं. तुला कुणी विचारलं की तू एवढंच सांगायचीस, "तितं नदी न्हवती." त्यापुढचं मलाही लिहायचं नाही. मला नदीचं लिहायचंय, आणि तुझ्यासमोर जे बोलायला हवं होतं आणि बोलले नाही, ते.

मी दुसरीत असेन. आई-आबा उसात आणि मी दिवसभर तुझ्या मागं. आपलं नालाचं शेत नदीपासून चांगलं अर्ध्या तासावर. घोड्याच्या नालासारखं वाकडं, आजूबाजूच्या रानापेक्षा कमरेएवढं खोल. पावसाळ्यात तिथं पाणी साचायचं आणि ऊस पिवळा पडायचा. तू खुरप्यानं हातभर माती उकरलीस आणि माझ्या ओंजळीत चार शिंपले आणि एक गुळगुळीत गोटा टाकलास.

"हितनं नदी जात हुती."

"मग गेली कुटं?"

"लय लांबनं वळसा पडत हुता तिला. एका पुरात जवळची वाट काढली, आन ही वाट टाकून दिली."

"तू बगितलीस?"

"मी न्हाई. माज्या आज्जीच्या आज्जीनंबी न्हाई. पर शिंपलं काय गाडीत बसून आलं न्हाईत."

पुढं कराडच्या कॉलेजात भूगोलाच्या सरांनी फळ्यावर नदीचं नागमोडी वळण काढलं. खडूनं ते फुगवत नेलं. दोन टोकं जवळ आली, मधली मान बारीक झाली. मग सरांनी बोटानं ती मान पुसली, नदी सरळ जोडली आणि बाजूला उरलेल्या चंद्रकोरीखाली लिहिलं, नालाकृती सरोवर. मी हात वर केला. "सर, हे आमच्या उसात आहे." वर्ग हसला. सर हसले नाहीत. रविवारी मोटरसायकल घेऊन आले, तुझ्यामागं बांधाबांधानं फिरले आणि रुमालात शिंपले बांधून घेतले. जेवताना तिसऱ्यांदा भरीत घेत त्यांनी तुला विचारलं, "बाई, तुमचं शिक्षण किती झालंय?"

"म्हस घिऊन शाळंवरनं जात हुते की रोज," तू म्हणालीस.

सर पुढं वर्षभर ते वाक्य सांगत फिरले.

त्या वर्षी मी तुला शिकवायचं मनावर घेतलं. घरात पहिल्यांदा कुणी कॉलेजात गेलं की घरातल्या सगळ्यांना विद्यार्थी समजतं. मी सांगायचे की डोंगर उतरून नदी सपाटीला आली की तिला खाली खोदायचं काम उरत नाही, मग ती बाजूला खोदते. वळणावर बाहेरच्या अंगाचं पाणी जोरात जातं, काठ कापतं. आतल्या अंगाचं पाणी सावकाश जातं, हातातला गाळ खाली ठेवतं. म्हणून वळण दरसाल थोडं थोडं फुगत जातं आणि थोडं खाली सरकतं. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "ह्ये मला म्हाईत हाय. पर ती पयल्यांदा वळती कशापायी, त्ये सांग."

मी म्हणायचे, एखादं झाड आडवं पडतं, कुठं माती चिवट लागते, पाणी जरा बाजूला होतं, समोरच्या काठाला धडकतं, तिथनं परत अलीकडं येतं.

"आन झाड न्हाई पडलं तर?"

"तरीही वळतेच."

"मग झाडाचं नाव कशाला घेतीस?"

हे भांडण आपलं कधीच मिटलं नाही. तुझं म्हणणं, सरळ जाणं हीच नदीला जड गोष्ट आहे. वळायला तिला कारण लागत नाही. मी पुढं एम. ए. केलं, जाडजूड पुस्तकं वाचली. मोठमोठ्या लोकांनी पानंच्या पानं खर्चून शेवटी जवळपास तुझ्याच जागी येऊन बूड टेकलंय. हे तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मग एवढं पैलवान कशाला लागलं?"

तुझी नदी मोजायची रीत मात्र माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. नवरात्रात घट बसतो, त्यात धान पेरायला माती लागते. दुसऱ्या गावात बायका ती रानातनं आणतात, आपल्याकडं नदीकाठाहून. तू कधी जुन्या मातीला हात लावला नाहीस. पूर ओसरल्यावर नदीनं अगदी शेवटी टाकलेला, बोटात घेतला की लोण्यासारखा लागणारा गाळ तेवढा तुला चालायचा. तो हुडकत तू वरच्या वळणाला जायचीस. तिथं आपलं गाव नदीच्या आतल्या अंगाला आहे. मळीत, म्हणजे काठाच्या गाळाच्या रानात, बाभळ होती तिथनं तू पावलं मोजायचीस, विसाविसानं. "औंदा नऊ इसा आन चार." आणि तुला मागची सगळी सालं पाठ. तुझ्या लग्नाच्या साली घटाची माती बाभळीला लागूनच मिळायची. आबांच्या लग्नाला दोन विसा पावलं पुढं. मी जन्मले त्या साली पाच विसा. देवीच्या कामाला गेलेली बाई नदी मोजून येत होती आणि गावाला वाटत होतं, म्हातारी टोपलीभर मातीला एवढा वेळ का लावते.

आता त्या सभेचं. तुला नको वाटेल, पण ऐक.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. गावानं नदीवरनं पाणी उचलायची स्कीम ठरवली होती. काठावर मोठी विहीर बांधायची, तिला सगळे जॅकवेल म्हणायचे. नदीचं पाणी तिच्यात यायचं आणि पंपानं वर माळापर्यंत न्यायचं. अर्ध्या गावाचा ऊस त्या एका विहिरीवर उभा राहणार होता. प्रश्न एवढाच की ती कुठं बांधायची. वरच्या वळणाला, आपल्या मळीजवळ, उतार सोपा, रस्ता जवळ, लाईट जवळ. खालच्या वळणाला काठ उभा, तिथं आपण बाहेरच्या अंगाला, दरसाल कुणाचा ना कुणाचा बांध नदीत जातो. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. तू सभासद नव्हतीस, जमीन आबांच्या नावावर. तरी मागं बायकांत उभी राहून तू बोललीस.

"वरच्या वळणाला नगा. तितं घटाची माती दरसाली फुडं सरकती. नदी तितनं निघालीया."

चेअरमन जगूतात्या. माणूस वाईट नाही, पण आवाजाला लगाम नाही. ते म्हणाले, "आत्ती, आपल्याला पंप बसवायचाय, घट न्हवं."

सगळे हसले. तू थांबली नाहीस. "खालच्या वळणाच्या जरा म्होरं, धुण्याच्या धोंडीपाशी बगा. खाली खडक हाय, म्हस धुताना पायाला लागतो. तितला काठ आमच्या आज्जीपासनं तसाच हाय. मे म्हैन्यात धुणं कुटं न्यावं लागतं, त्ये घरातल्या बायकांस्नी इचारा. तितं पाणी हाय, तितंच हीर पाडा."

"आता धुण्यावर स्कीम काढायची म्हना की!" कुणीतरी ओरडलं. परत हशा. आणि मग तात्यांनी माझ्याकडं हात केला. "आपली रूपाली हाय की शिकल्याली. पोरी, तू सांग. नदी कुठल्या अंगाला तुटती?"

मी पुढं गेले. फळ्यावर वळण काढलं. रेघ एकदाही पुसली नाही, हे मला अजून आठवतं. "बाहेरच्या बाजूला तुटते," मी म्हणाले. "आतल्या बाजूला तुटत नाही."

"मग झालं तर!" तात्या म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

माझ्या वहीतल्या आकृतीत दोन बाण होते, आत्ती. बाहेरच्या काठावर लिहिलं होतं झीज आणि आतल्या काठावर संचयन. परीक्षेत मी दोन्ही लिहायचे आणि पूर्ण गुण घ्यायचे. त्या दिवशी मला एका बाणाबद्दल विचारलं आणि मी एकाच बाणाचं उत्तर दिलं. आतला काठ तुटत नाही, कारण नदी तिथं माती टाकत टाकत स्वतःच लांब जाते. हे दुसरं वाक्य मी बोलले नाही. लपवलं नाही गं, सुचलंच नाही. टाळ्या पडल्या ना.

घरी येताना मी तुलाच बोलले. "चारचौघांत घटाचं काय काढलंस? लोक हसले." मला तुझी लाज वाटली होती. खरं आहे ते आहे. तू "बरं" म्हणालीस आणि टोपली दुसऱ्या कडेवर घेतलीस.

पुढच्या उन्हाळ्यात जॅकवेल उभी राहिली. माझा निकाल लागला. घरातली पहिली पदवी, म्हणून संस्थेनं मला शाल आणि नारळ दिला. घरी आल्यावर तू मीठ-मिरची ओवाळून माझी दृष्ट काढलीस आणि आबांना म्हणालीस, "लेकीला साडी आण, निळी." नवरात्र आलं. मी तुझ्याबरोबर नदीवर आले. पूर ओसरून आठ दिवस झाले होते. तू बाभळीपासून मोजत मोजत गेलीस, जॅकवेल मागं टाकलीस, तिच्या पुढं चांगली पाच-सात पावलं गेलीस आणि तिथं वाकून माती भरलीस. नवी, ओली, लोण्यासारखी. विहीर आणि नदी यांच्या मधली.

तू माझ्याकडं पाहिलं नाहीस. मी पाण्याकडं पाहत राहिले. तो घट फार चांगला उगवला होता.

चार पावसाळ्यांत नदी निघून गेली. निघून म्हणजे कुठं लांब नाही, समोरच्या काठाला सरकली. आपली जॅकवेल मळीत उभी राहिली, कोरडी, वाट चुकल्यासारखी. दर फेब्रुवारीत जेसीबी आणून नदीपासून विहिरीपर्यंत चर खणायचा, आणि दर पुरात नदीनं तो बुजवायचा. ऐन उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबायची, तोडलेल्या उसाचा फुटलेला खोडवा वाळायचा. मी तेव्हा फलटणला हायस्कूलात लागले होते. वार्षिक सभेत कुणीतरी म्हणालं, शिकलेल्या पोरीचं ऐकून गाव बुडालं. त्या वेळी तू काय बोललीस ते आबांनी मला फोनवर सांगितलं. आबा कमी बोलणारे, पण त्यांनी शब्दन्‌शब्द सांगितला.

"पोरीला तुमी इचारलं, कुठली बाजू तुटती. तिनं सांगितलं त्ये बरोबरच हाय. नदी माघारी जाती का, ह्ये तिला कुणी इचारलं? मला म्हाईत हुतं. मी पुन्यांदा सांगाया पायजे हुतं, त्ये न्हाई सांगितलं. चूक माजी हाय. पोरीचं नाव घिऊ नगा."

गावानं तुझं ऐकलं. दुसऱ्यांदा बोललीस तेव्हा मात्र लगेच ऐकलं. माझं नाव कुणी परत घेतलं नाही. मी गावी आले की तात्या तसेच हाक मारायचे, "या मॅडम." आणि तुझ्या नावामागं हळूहळू ते चिकटलं, म्हातारीला माहीत होतं पण ऐन वेळेला गप्प बसली. पहिल्या सभेत तू काय सांगितलंस, ते लोक विसरले. हसणारा माणूस कशाला हसला ते विसरतोच. संस्थेच्या वहीत तर ते नव्हतंच. इतिवृत्तात एकच ओळ होती, कुमारी रूपाली यांनी तांत्रिक माहिती दिली.

तू फलटणला आलीस तेव्हा मला बोलता आलं असतं. सकाळी तुला कालव्यावर फिरायला नेलं. तू काठावर बराच वेळ उभी राहिलीस आणि म्हणालीस, "पाणी चांगलं हाय. पर हिला कुणी वळाया शिकवलंच न्हाई." घरी येऊन मी चहा ठेवला. पातेल्यात चमचा गोल फिरवून थांबले आणि तुला बोलावलं. "बघ, पत्ती कुठं जमली?" सगळी पत्ती तळाशी, मधोमध. वरचं पाणी फिरताना बाहेर रेटलं जातं, काठाला आपटून खाली जातं आणि तळानं परत आत येतं, येताना पत्ती ओढून आणतं. नदीच्या वळणातही असंच होतं, मी म्हणाले. तू पातेल्यात वाकून पाहिलंस.

"म्हंजे वरनं जोर भाईर, आन खालनं माती घिऊन आत." एका वाक्यात तू माझा पूर्ण धडा संपवलास. मग म्हणालीस, "म्हणूनच व्हय तितं..." आणि थांबलीस. जॅकवेलचं नाव तू घेतलं नाहीस. वाक्य माझ्यासाठी सोडून दिलंस.

मी काय म्हणाले? "चहा घे, गार होतोय."

का बोलले नाही, याचा मी पुष्कळ विचार केलाय. तू रागावली असतीस म्हणून नव्हे. आपल्या सात पिढ्यांत पहिली पदवी माझी. ती चुकू शकते, हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तुला तर नाहीच. तूच तर निळी साडी मागितली होतीस.

शेवटचे दोन महिने तू अंथरुणावर होतीस. एका रविवारी मी तुला फोनवर आपल्या भागाचं वरून काढलेलं चित्र दाखवलं, आकाशातनं दिसतं तसं. तू आयुष्यात नकाशा पाहिला नव्हतास. क्षणभर बोट हवेत फिरलं आणि बरोबर नालाच्या शेतावर टेकलं. "ही आपली." मग बोट पुढं गेलं. "ही दुसरी. ही बग, ही थोरली वाट, ह्येच्या आदीची." मला तिथं फक्त उसाची रानं दिसत होती. चित्र मोठं केलं, तर खरंच, बांधांच्या रेघा वाकलेल्या, एकीत एक बसलेल्या चंद्रकोरी. सांगलीच्या हद्दीपर्यंत नदीनं टाकून दिलेल्या तीन वाटा तू मला झोपल्या झोपल्या दाखवल्यास. मी सोमवारी ते चित्र वर्गात लावलं. नववीच्या मुलांना सांगितलं, हे माझ्या आत्तीनं शोधलंय. मुलांनी विचारलं, त्या कुठल्या कॉलेजात आहेत? मी म्हणाले, रोज शाळेवरून जायच्या.

त्याच सुमारास संस्थेनं नवी जॅकवेल बांधायचं ठरवलं. इंजिनिअरनं मला फोन केला, कारण तात्यांनी माझा नंबर दिला. मी त्याला धुण्याची धोंड सांगितली. तू गेलीस त्याच आठवड्यात त्यानं तीन ठिकाणी भोकं पाडून पाहिलं. दोन ठिकाणी नुसती माती. धोंडीपाशी खडक.

तिसऱ्या दिवशी तुझी रक्षा सावडायला सगळे काठावर जमले होते. माझ्या मागं दोघं बोलत होते, प्रेमानंच बोलत होते. "म्हातारीगत नदी कुणाला कळली न्हाई बग. पर त्या टायमाला बोलाया पायजे हुती. गावाचं एवढं हाल झालं नसतं." मी वळून काही बोलले नाही. रडणाऱ्या बाईचं कोण मनावर घेतं? आणि मला ते मनावर घेतलेलं हवं होतं.

म्हणून परवाच्या सभेला मी रजा टाकून आले.

तीच शाळा, तोच व्हरांडा. इंजिनिअरनं सांगितलं की जागा एक नंबर आहे, वळणाच्या जरा पुढं, खोल पाणी, खाली खडक, गाळ साचायची भीती नाही. तात्या आता काठी टेकतात, पण आवाज तोच. "ही जागा सुचवली आपल्या रूपाली मॅडमनी. ठरावात त्यांचं नाव घाला. आन टाळ्या वाजवा."

हात वर उचलले गेले होते. मी म्हणाले, "थांबा, टाळ्या नका."

मी तुझ्या बोलीत बोलले, आत्ती. शाळेतली भाषा तोंडात आलीच नाही. "तात्या, मागच्या वक्ताला वरची जागा मी सांगितली. माजं चुकलं. मी निम्मंच सांगितलं. ह्या धोंडीची जागा त्याच सभेत अनुसाआत्तीनं सांगितली हुती, ह्याच व्हरांड्यात, तिकडं मागं उभी ऱ्हाऊन. ती गप्प बसली न्हवती. आपुन हसलो. मीबी त्यातलीच. नंतर तिनं माजी चूक आपल्या अंगावर घेतली, आन मी घिऊ दिली."

उचललेले हात खाली आले. मग मागच्या रांगेतले एकजण म्हणाले, "मग आता कुणाचं ऐकायचं, तुजं का आत्तीचं?"

"आत्तीचं. मी निस्तं सांगाय आल्ये."

तात्यांनी काठी बाजूला ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, "पोरी, गावात पयली शिकल्याली तू. चारचौघांत असं आपल्याच तोंडानं कशाला म्हणतीस?"

"शिकले म्हणूनच म्हणते, तात्या. ठरावात सूचक म्हणून आत्तीचं नाव घाला."

सेक्रेटरींनी पेन उचललं आणि अडचण सांगितली. सूचक सभासदच लागतो आणि तो हयात लागतो. तेव्हा तात्याच म्हणाले, "सूचक म्हणून माजं नाव घाल. पर वर लिव, अनुसाबाईंनी पयल्या सभेत सांगितलेल्या जागी. आन ह्येबी लिव, की तवा सभेनं त्यांचं ऐकलं न्हाई. चेअरमननं तर न्हाईच न्हाई." सेक्रेटरींनी तुझं पूर्ण नाव विचारलं. आबा उठले आणि त्यांनी सांगितलं, तुझं, मामांचं आणि कडेगावचं आडनाव, एकेक शब्द सुटा करून, हजेरी घेतल्यासारखं.

सेक्रेटरींनी ठराव मोठ्यानं वाचला. मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा म्हणाले. पुढं बसलेल्या सभासदांचे हात वर झाले. मी मागं वळून पाहिलं. भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या, धुण्याला रोज त्या धोंडीवर जाणाऱ्या, कुणाच्या हाताला अजून साबणाचा वास असेल. त्यातली एकही सभासद नाही. एकीनं हात वर केला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. सेक्रेटरी मोजत मोजत भिंतीपर्यंत आले, क्षणभर थांबले, तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी मान हलवली, आणि ते पुढं मोजत गेले.